मोटारीची धारची खेप

सरदारांच्या गोठ्यालगतच्या छपरीत ती मोटार पाच वर्षं पडून होती. पाच वर्षांत तिचा उपयोग झाला तो फक्त कोंबड्यांना. मागच्या बैठकीवर एखादी खुडूक कोंबडी बसलेली असे, पुढच्या बाजूला कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या, आणि दिव्यांवर इतकं हिरवट पुट चढलेलं की ते पितळेचे आहेत हे माझ्यासारख्यालाच ओळखू यावं. मी सरदारांकडे जात असे तो हंडे-घंगाळी कल्हईला आणायला. मी तांबट. आमचं घराणं दरबाराबरोबर दक्षिणेतून माळव्यात आलं; बरोबरचे कोणी कारकून झाले, कोणी मामलेदार झाले, आम्ही भांडी ठोकत राहिलो. देवासात आमच्या आळीत दिवसभर अशी ठाकठोक चाले की आम्ही सगळे मोठ्यानं बोलायला शिकलो. परक्याला वाटे, यांचं भांडण चाललंय. माझ्या बाबतीत ते पुष्कळदा खरंही असे. माझा स्वभाव तापट, हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

त्या मोटारीकडे मी कधी नीट पाहिलंही नव्हतं. पाहिलं ते बायकोपायी.

आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि दोन मुलं गेली होती. दोन्ही उपजतच गेलेली. पहिलं देवासात, घरीच. दुसऱ्या वेळी ती भावाच्या लग्नासाठी धारला माहेरी गेली होती, सातवा महिना लागला होता, आणि मी तिला बैलगाडीनं परत आणत होतो. वाटेत दुसऱ्या दिवशी कळा सुरू झाल्या. एका खेड्यात, अनोळखी माणसांच्या पडवीत सगळं झालं. त्या प्रवासातली एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. गाडीवान म्हणत होता की रस्ता खराब आहे, हळू जाऊ, आज इथेच मुक्काम करू. मीच त्याला बैल हाकायला लावले. मला एका देवळाचा तांब्याचा कळस वेळेत पुरा करून द्यायचा होता. गाडी आदळत होती, ती गाडीच्या साट्याला घट्ट धरून बसली होती, आणि मी पुढे बसून गाडीवानाला घाई करत होतो.

तिसऱ्या वेळी दिवस राहिले ते तिला धारलाच कळलं. उन्हाळ्यात ती आईकडे गेली होती. मी आणायला गेलो तेव्हा तिनं सरळ सांगितलं, "पोटात हे असताना मी गाडीत बसणार नाही."

"मग देवासला यायचं कसं?"

"यायचंच नाही. मी इथे राहते."

सासूबाई तिच्या बाजूनं. इथपर्यंत ठीक होतं. पण भाद्रपदात धारहून निरोप आला म्हणून पुन्हा गेलो, तर तिथली म्हातारी सुईण मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाळा, हिच्या पोटात मूल आडवं बसतं. दोन्ही वेळा तेच झालं असणार. हे माझ्या हातचं काम नाही. इंदूरला बायकांचं इस्पितळ आहे, तिथल्या मडमेकडे ने. दिवस भरायच्या आत ने."

धारहून इंदूर म्हणजे चांगला वीस कोस रस्ता. आगगाडी नाही. मेणा करावा तर भोई दोन-तीन दिवस घेणार, आणि मेण्यातही ती बसेना. गाडीचं नाव काढलं की तिचा चेहरा पांढराफटक पडे. मी रागावलो, ओरडलो, समजावलं, पुन्हा ओरडलो. ती रडत नव्हती. नुसती मान हलवत होती. त्या मान हलवण्यापुढे मी हरलो.

देवासला परत आलो आणि दुसऱ्याच दिवशी सरदारांकडे कल्हईची भांडी पोचवायला गेलो. भांडी उतरवताना नजर छपरीकडे गेली. त्या काळी आमच्याकडे मोटारी इन मीन दोन-चार, त्या दरबारच्या. त्या मागण्याची माझी छाती नव्हती. पण ही मोटार कोणाचीच नसल्यासारखी पडली होती. जवळ जाऊन बैठकीवर हात दाबून पाहिला. खालच्या कमानी अजून जिवंत होत्या. हात सोडला की बैठक अलगद वर येई. बैलगाडीत असलं काही नसतं.

सरदार ओसरीवर पान लावत बसले होते. मी म्हणालो, "सरकार, ती मोटार चालू करून दिली तर मला तिची एक खेप द्याल का?"

ते हसले. "तांबटा, मुंबईचा माणूस तिच्यापुढे हात टेकून गेला. उन्हाळ्यात पाणी न घालता पिटाळली, आणि फुटली. तू काय तिला कल्हई लावणार?"

"लागली तर लावीन."

"खेप कशाला पाहिजे?"

मी सांगितलं. त्यांचं हसू मावळलं. सुपारी कातरायची थांबवून ते म्हणाले, "लाव. चालली तर एक सोडून दोन खेपा ने. पण तुझ्या बायकोला त्यात बसवायच्या आधी मी बसेन. मगच."

मला मोटारीतलं ओ की ठो कळत नव्हतं. कळत होतं ते तांबं-पितळ. पण जवळच्या पीपलरावां गावातला एक माणूस लढाईवर जाऊन आला होता. बसऱ्याला त्यानं पलटणीच्या लॉऱ्या चालवल्या होत्या, दुरुस्तही केल्या होत्या. आता भावांबरोबर गहू पेरत होता आणि कंटाळला होता. सगळे त्याला फौजी म्हणत. तोफांच्या आवाजानं त्याचा एक कान गेला होता, आणि मला हळू बोलता येत नव्हतं, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून जमलं. मोटारीभोवती दोन फेऱ्या मारून, वाकून, हुंगून तो म्हणाला, "भिया, इंजन मर्‌यो नी है. सोयो है."

मग आम्ही तिला उठवायला लागलो. आधी कोंबड्या हाकलल्या. त्या तीन दिवस परत येत राहिल्या, आणि अवजारांच्या पेटीत दोन अंडी सापडली ती फौजीनं तिथेच फोडून पाहिली; ती फार जुनी निघाली. इंजिनाच्या नळकांड्यांत त्यानं रॉकेल ओतलं आणि आठ दिवस हात लावू दिला नाही. मी रोज विचारी, तो रोज डोकं हलवी. नवव्या दिवशी पुढचा दांडा घातला, दोघांनी जोर लावला, आणि आत काहीतरी सुटून तो दांडा फिरला. मी इतक्या जोरात ओरडलो की गोठ्यातली म्हैस दावं तोडायला निघाली.

लाकडी चाकांचे आरे वाळून खिळखिळे झाले होते. त्याला बैलगाडीचाच उपाय केला, चाकं हौदात चार दिवस बुडवून ठेवली. आरे फुगले, घट्ट बसले. टायर फौजीनं महूच्या छावणीतून आणले, पलटणीनं टाकून दिलेले. चारांतले दोन बरे होते, दोन ठिगळांचे. बैठकीचं कातडं कोंबड्यांनी टोचून टोचून फाडलं होतं, ते आमच्या शेजारच्या जिनगरानं शिवलं. ठिणगी पाडणारं यंत्र दमट झालं होतं, ते फौजीनं माझ्या घरी आणून चुलीच्या वैलावर फडक्यात गुंडाळून शेकलं. बायको घरात असती तर तिनं हे चालू दिलं नसतं. घर त्या वेळी असं झालं होतं की दारात टायर, ओट्यावर नट-बोल्ट, आणि मी दोन्ही वेळा फौजीच्या हातची जाड रोटी खात होतो.

माझं काम होतं रेडिएटरचं. मोटारीच्या तोंडाशी जी जाळी असते, जिच्यात पाणी भरतात, ती. पाणी आटल्यावरही गाडी पळवल्यानं आतले सांधे जोडणारा डाख वितळून गळून गेला होता. नळ्या तांब्याच्या, बाहेरची चौकट पितळेची, म्हणजे सगळा माझ्याच घरचा माल. मी ती उतरवून भट्टीशी आणली, एकेक नळी घासली, फुटक्या काढून नव्या वळवून घातल्या, नवसागर टाकून कथील फिरवलं, पाणी भरून रात्रभर टांगून ठेवली. सकाळी खाली जमीन कोरडी. मी आळीभर सांगत सुटलो की मुंबईच्या माणसाला जमलं नाही ते मी केलं.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मोटार सुरू झाली. धूर इतका की ओसरीवरचे सरदार दिसेनात. फौजी चाकाशी बसला, मी शेजारी, आणि आम्ही फाटकातून बाहेर पडून आग्रा रस्त्याला लागलो. अर्धा कोस गेलो नाही तोच पुढून पाण्याची धार लागली. माझ्या डाखाला तीन ठिकाणी चिरा पडल्या होत्या.

मी खूप चिडलो. फौजीवर, रस्त्यावर, सगळ्यांवर. मोटार दोन बैल लावून परत आणावी लागली आणि आळीतल्या लोकांनी वाटेत काय काय विचारलं ते इथे लिहीत नाही. दोन दिवस मी रेडिएटरकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी फौजी आला, ओट्यावर बसला आणि म्हणाला, "भिया, हंडो एक जगा बैठ्यो रे है. या तो दौड़े है."

तेवढं पुरे झालं. मी आयुष्यभर एका जागी बसणारी भांडी केली होती. हे भांडं हादरणारं होतं. मी सगळे सांधे पुन्हा उघडले, या वेळी नुसतं कथील न लावता आधी तांब्याच्या पट्ट्या बसवल्या आणि मग डाख दिला, आणि जिनगराकडून कातड्याच्या जाड गाद्या करून घेऊन रेडिएटर त्यांच्यावर बसवला, म्हणजे हादरा आधी कातड्यानं खावा. दिवाळीच्या आधी पुन्हा निघालो. क्षिप्रेपर्यंत गेलो, आलो. कोरडी. मग सरदार बसले, म्हटल्याप्रमाणे. क्षिप्रेपर्यंत गेले, आले, उतरून धोतराची धूळ झटकली आणि म्हणाले, "जा. घेऊन ये तिला."

पण खरं सांगतो, माझा माझ्याच कामावर विश्वास उरला नव्हता. एकदा फुटलेला डाख पुन्हा फुटू शकतो. मी वाटेत दर कोसाला खाली वाकून पाहत होतो. फौजी म्हणाला, तुझी मान मोडेल.

तुळशीचं लग्न झाल्यावर आम्ही धारला पोचलो. वाटेत एक टायर फुटलं, बाकी काही झालं नाही. सासुरवाडीची आळी सगळी गोळा झाली. बायको दारात आली. आठवा महिना, हातपाय बारीक, डोळे मोठे झालेले. तिनं मोटारीला एक फेरी घातली. बैठकीवर हात दाबून पाहिला, नेमका मी पाहिला होता तसा. बैठक वर आली. ती म्हणाली, "हिला हिसके बसत नाहीत?"

"बसतात. पण ती स्वतः खाते."

"तुम्ही दुरुस्त केलीत?"

"मी आणि हा फौजी."

ती आत गेली. थोड्या वेळानं सासूबाई बाहेर आल्या. "जावईबापू, ती बसते म्हणतेय," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. "मीही येते बरोबर."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. घरात ओटी भरणं, हातावर दही देणं, देवापुढे सुपारी ठेवणं चाललं होतं. मी आणि फौजी मोटार पुसून, पाणी भरून, पेट्रोल ओतून तयार होतो. रेडिएटरचं झाकण काढून ठेवून मी आत हात धुवायला गेलो, परत येऊन ते फिरवून लावलं. मागच्या बैठकीवर कापसाच्या दोन गाद्या घातल्या होत्या. तिला मध्ये बसवलं, शेजारी सासूबाई. तिनं डोळे मिटून घेतले.

पहिले दोन-तीन कोस फार चांगले गेले. फौजी इतकं जपून चालवत होता की एक गाढव आमच्या पुढे निघून गेलं. मी मागे वळून पाहिलं तर तिनं डोळे उघडले होते आणि शेतातल्या हरभऱ्याकडे पाहत होती. मला हायसं वाटलं. मग इंजिनाचा आवाज जड झाला. फौजीनं माझ्याकडे पाहिलं. मी वाकून पाहिलं. खाली पाणी गळत नव्हतं. आणखी थोडं गेलो. पुढून वाफेची बारीक रेघ यायला लागली, मग ती जाड झाली, आणि सात-आठ कोसांवर, चंबळेचा उतार समोर दिसत असताना, झाकणाखालून फुसफुसत गरम पाणी उडालं. फौजीनं मोटार बाभळीखाली घेतली आणि बंद केली.

अजून बारा-तेरा कोस जायचे होते. मागे धार दूर, पुढे इंदूर दूर, आणि ती पुन्हा एकदा माझ्याबरोबर रस्त्याच्या मध्यावर. गेल्या खेपेला माझी घाई होती, या खेपेला माझा डाख. मला तिच्याकडे वळून पाहायचा धीर होईना. मी उतरून रेडिएटरसमोर उकिडवा बसलो. चौकटीच्या कडेनं बोट फिरवत गेलो. चटके बसत होते. सांधा कोरडा. पुढचा कोरडा. खालचा कोरडा. सगळे कोरडे.

मग वास आला. आमच्याकडे कोणी गुऱ्हाळ लावलं की आळीपर्यंत येतो तसा, काकवीचा. मी इकडेतिकडे पाहिलं, कुठे ऊस नाही. झाकणावर चिकटलेला तपकिरी थेंब बोटावर घेतला आणि जिभेला लावला. गोड लागला.

"यात गूळ कोणी घातला?" मी फौजीवर ओरडलो. दुसरं होतंच कोण?

तो दोन पावलं मागे सरला. "बसरा में म्हने रेडिएटर में रेत देखी, गोली को छेद देख्यो. गुड़ कदी नी देख्यो, भिया!"

"मी घातला," मागून आवाज आला.

ती गाडीतच बसून होती, दोन्ही हात मांडीवर. "गूळपोळी घातली. दोन. मोडून. तुम्ही झाकण काढून ठेवलं होतंत तेव्हा."

"गूळपोळी?" मी ओरडलो. "मोटारीत? अगं, तुला कळतं का काही? तीन महिने मी..." असं बरंच बोललो. सासूबाई मध्ये पडल्या नाहीत. त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि एकदम मान खाली घातली. त्यांना कळलं होतं, मला नव्हतं.

माझ्या सासुरवाडीला रीत होती. लेक माहेराहून निघाली की तिनं गाडीच्या बैलांना आपल्या हातानं गूळपोळी भरवायची, म्हणजे ते तिला जपून नेतात. मी ही रीत पुष्कळदा पाहिली होती आणि तिच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. गाडीचं पाणी आम्ही पुढच्या तोंडातून घालतो हे तिनं पाहिलं. जिथून पिते तिथूनच खाणार, असं तिला वाटलं.

"मागच्या वेळी मी भरवली नव्हती," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "आईशी भांडून निघाले होते. आई पोळी घेऊन दारात उभी होती, मी घेतली नाही. तशीच गाडीत बसले. बैल उपाशी निघाले माझ्याकडून, आणि त्यांनी मला आदळत नेलं. बाळ गेलं ते माझ्या रागापायी गेलं. म्हणून या वेळी मी गाडीत बसत नव्हते. मला गाडीची भीती नव्हती वाटत. मला माझीच वाटत होती."

दोन वर्षं ती हे मनात घेऊन फिरत होती. मी तिच्याजवळ गेलो आणि मोटारीच्या पायरीवर बसलो. उभं राहवेना. म्हणालो, "बैलांनी नाही आदळलं. मी हाकायला लावले. गाडीवान मुक्काम करू म्हणत होता, मी करू दिला नाही. मला कळस पुरा करायचा होता."

"मला ऐकू येत होतं," ती म्हणाली. "मी मागेच होते."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

मला रडू आलं. रस्त्यावर, सासूसमोर, फौजीसमोर. ती माझ्या पागोट्यावरची धूळ झटकत राहिली. फौजी पाठ करून नदीकडे पाहत उभा होता. मला वाटलं त्याला ऐकू गेलं नाही, पण मग त्यानंही नाक शिंकरलं. मला त्या दिवशी जेवढं हलकं वाटलं तेवढं त्याआधी कधी वाटलं नव्हतं, आणि मोटार तर अजून बंदच होती.

ती सुरू करणं मात्र माझ्या हातातलं होतं. आम्ही रेडिएटरचे बोल्ट सोडले, नळ्या काढल्या, आणि दोघांनी तो दोन बाजूंनी धरून चंबळेवर नेला. खालची तोटी पिठाच्या लगद्यानं बुजली होती. तार घालून मोकळी केली. मग मी तेच केलं जे आयुष्यभर खरकट्या भांड्यांचं करत आलो: पाणी भरायचं, उलटं करायचं, हिसळायचं, ओतायचं. तपकिरी पाणी निघालं, मग तीळ निघाले, मग पोळीचे भिजलेले तुकडे. खालच्या काठावर कपडे धुणाऱ्या बायका काम सोडून पाहत राहिल्या. एकीनं विचारलं, हे काय धुता? फौजी म्हणाला, मोटर को पेट. बराच वेळ लागला. शेवटी पाणी स्वच्छ आलं. मी रेडिएटर उन्हाकडे धरून प्रत्येक सांधा पुन्हा पाहिला. वाफेचा एवढा मारा सोसून एकही चीर नव्हती. फौजीनं माझ्या पाठीवर थाप मारली. "टांको थारो पक्को है, भिया." मग मी कुठे नीट श्वास घेतला.

सासूबाईंनी तोवर बाभळीखाली शिदोरी उघडली होती. उरलेल्या गूळपोळ्या आम्ही चौघांनी खाल्ल्या. दुपार कलायच्या सुमारास निघालो, आणि दिवस मावळायच्या आत इंदूरच्या इस्पितळाच्या फाटकाशी मोटार उभी राहिली. ती स्वतःच्या पायांनी उतरून आत गेली.

मडम डॉक्टरीण उंच, गोरी, आणि माझ्यासारखीच मोठ्यानं बोलणारी. तिनं तपासलं, मग मला व्हरांड्यात बोलावून आधीच्या दोन्ही वेळचं सगळं विचारलं. मी काही लपवलं नाही. कळस, बैल, घाई, सगळं सांगितलं. ऐकून ती वैतागली. "गाड़ी से बच्चा नहीं गया! बच्चा आड़ा था, इसलिए गया। बैलगाड़ी में लाता तो भी चलता। पहले क्यों नहीं लाया?"

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. बैलगाडीत आणली असती तरी चाललं असतं! तीन महिने, भट्टी, चामडं, छावणीचे टायर, चंबळेवरची धुलाई. एरवी मी चिडलो असतो. त्या दिवशी मी व्हरांड्यातच हसत सुटलो, आणि ती बाई मला वेडा समजून आत निघून गेली. मी मागोमाग खिडकीशी गेलो आणि बायकोला मोठ्यानं सांगितलं, "ऐकलंस का? आपल्यामुळे नाही गेलं. तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळेही नाही." आख्ख्या खोलीनं ऐकलं. तिनं तोंडावर पदर घेतला. खांदे हलत होते, पण ते रडणं वेगळं होतं.

डॉक्टरणीनं तिला दिवस भरेपर्यंत तिथेच ठेवून घेतलं. पोटावरून हातांनी मूल फिरवलं. ते पुन्हा आडवं झालं, तिनं पुन्हा फिरवलं. मी मोटार सरदारांना पोचवली आणि आठवड्याला तांग्यानं येत राहिलो. पौषात एका सकाळी आलो तर मला व्हरांड्यातच थांबवलं. दुपारपर्यंत तिथे बसलो. कोणी काही सांगेना. मग सासूबाई बाहेर आल्या. "मुलगी," एवढंच म्हणाल्या आणि भिंतीला टेकल्या.

मला दारापर्यंत जाऊ दिलं. पोर लालबुंद होऊन किंचाळत होती. सगळी खोली तिच्या आवाजानं भरली होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं कूस बदलली, परिचारिका धावत आली आणि हिंदीत म्हणाली, छातीशी घे, गप्प कर, बाकीच्यांना त्रास होतोय. बायकोनं पोरीला जवळ ओढून घेतलं, पण गप्प केलं नाही.

"थोडी रडू द्या हो तिला," ती म्हणाली. "आमच्या आधीच्या दोघांचा आवाज आम्ही ऐकलाच नाही."

परिचारिका थांबली. मी दाराच्या चौकटीला धरून उभा होतो, आणि पोर रडत होती.